जोडीनृत्याच्या टीव्ही स्पर्धा: दर आठवड्याला नवी शैली, पण जोडी दिसते का?

सम_आणि_खाली (नौपाडा, ठाणे)

नमस्कार मंडळी. नौपाड्यात माझा छोटा नृत्यवर्ग आहे. मूळ शिक्षण कथकचं, तिशीत साल्सा शिकले, आणि आता संध्याकाळी सात ते नऊ जोड्यांना शिकवते. लग्नाच्या संगीतासाठी घाईघाईत आलेली मुलं असतात, तशी मुलं परदेशी गेल्यावर घर रिकामं झालेली पन्नाशीची जोडपीही असतात. यातल्या निम्म्या जणांना टीव्हीवरची जोड्यांची स्पर्धा बघूनच यावंसं वाटलेलं असतं.

या स्पर्धांचं आमच्यावर ऋण आहे, ते आधी सांगते. २००५ साली ‘नच बलिये’चं पहिलं पर्व सचिन आणि सुप्रिया पिळगावकरांनी जिंकलं. वीस वर्षांचा संसार झालेलं मराठी जोडपं दर आठवड्याला नवं काहीतरी शिकून येतं आणि तरण्याताठ्या जोड्यांना मागे टाकतं, हे तेव्हा घरोघरी बघितलं गेलं. त्याआधी आमच्याकडे नवरा-बायकोने एकत्र नाचायचं म्हणजे कुणाच्या तरी वरातीत, तेही मागून कुणी ढकललं तर. मी ज्यांच्याकडे शिकले त्या ताईंच्या वर्गात पुरुष चौकशीला यायला लागले ते त्यानंतर.

पण परवा एक जोडी आली. मानपाड्याची, दोघं तिशीच्या आतली. मोबाइलवर एका जुन्या भागातला तुकडा दाखवला: तो तिला खांद्यावरून फिरवतो, ती उलटी होऊन त्याच्या पायांमधून निघते. “ताई, एवढंच शिकवा, तीन आठवड्यांनी संगीत आहे.” मी म्हटलं, आधी तळहाताला तळहात लावा आणि आठ पावलं चाला. तो पुढे, ती मागे. चौथ्या पावलाला तिची कोपरं ताठ झाली, म्हणजे तो यायच्या आत ती सरकली होती. सहाव्याला तो अडखळला आणि हात सुटले. दोघंही छान नाचतात, पण एकटे एकटे.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. जोडीने नाचायचं म्हटलं की पहिला प्रश्न वजनाचा. कुणाचं वजन, कुणावर, किती वेळ? प्रत्येक शैलीचं उत्तर वेगळं. साल्सात आठ मोजायचे आणि सहा पावलं टाकायची, चौथी आणि आठवी मात्रा मोकळी. एकवर तो डावा पाय पुढे टाकतो, ती उजवा मागे. हातातली पकड इतकी हलकी, की बोटांत धरलेलं फूल चुरगळू नये. टँगोत इशारा हातातून येतच नाही, छातीतून येतो, आणि एका पायावर पूर्ण वजन आल्याशिवाय दुसरा हलत नाही. पासो दोब्लेमध्ये तो बैलाशी झुंजणारा, आणि ती बहुतेक वेळा त्याच्या हातातलं कापड. आपल्या शास्त्रीय नृत्यात तर स्पर्शसुद्धा न करता जोडी उभी राहते. व्ही. पी. आणि शांता धनंजयन भरतनाट्यममध्ये, राजा आणि राधा रेड्डी कुचिपुडीत, कित्येक दशकं जोडीने नाचले. तिथे सगळा भार नजरेवर.

स्पर्धेत मात्र टँगो असो, लावणी असो, हिपहॉप असो, शेवटच्या वीस सेकंदांत ती त्याच्या डोक्यावर असते. टाळ्या तिथेच पडतात आणि घरी बसलेल्यांना तेवढंच लक्षात राहतं.

इथे नाचणारे, शिकवणारे, नुसते प्रेमाने बघणारे बरेच जण आहेत. तुम्हाला टीव्हीवर जोडी दिसते का? कुठल्या शैलीत दिसते, कुठे हरवते? मोकळेपणाने लिहा.

ऐरोलीकर

ताई, मनातला विषय काढलात. पण थोडा विरोध नोंदवतो.

मी दहा वर्षं साल्सा नाचतोय आणि मला त्यात ओढलं ते अशाच एका उचलण्याने. चौदा-पंधराचा असेन, टीव्हीवर बघितलं आणि बहिणीला गादीवर उचलून आपटलं. पायऱ्या, मोजणी, पकड हे सगळं नंतर आलं. नवशिक्याला चौथ्या मात्रेवरची शांतता कशी कळणार? त्याला आधी आ वासायला लावणारं काहीतरी दिसलं पाहिजे.

आता तुमच्या बाजूचा मुद्दा. बीबीसीचा ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ २००४ मध्ये सुरू झाला, आणि त्याच धाटणीवर आपल्याकडे २००६ मध्ये ‘झलक दिखला जा’ आला. तिकडे वॉल्ट्झ म्हणजे वॉल्ट्झ. त्यात जोडीदाराचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले तर परीक्षक ते नियमबाह्य धरतात आणि गुण कापतात. साल्सा, चार्ल्स्टन, अर्जेंटाइन टँगो अशा ठरावीक प्रकारांतच उचलायची मुभा. त्यामुळे बघणाऱ्यालाही हळूहळू कळायला लागतं की या नाचाची हद्द कुठे आहे. आपल्याकडे शैलीचं नाव पडद्यावर झळकतं आणि दहा सेकंदांत विसरलं जातं. नियम नाहीत, मग शैली टिकणार कशी?

जुना_प्रेक्षक (पाचपाखाडी)

एक फरक लक्षात ठेवा. ‘झलक’मध्ये कलाकाराबरोबर नृत्यदिग्दर्शक नाचतो, म्हणजे दोघांतला एक तरी पक्का असतो. ‘नच बलिये’त दोघंही खऱ्या आयुष्यातले जोडीदार, आणि बरेचदा दोघंही शिकाऊ. सातवं पर्व २०१५ मध्ये अमृता खानविलकर आणि हिमांशू मल्होत्रा यांनी जिंकलं. ती तयारीची नर्तिका, तो तसा नाही. मला त्यांचं बघण्यात गोडी वाटली ती त्यामुळेच. ती त्याच्यासाठी कुठे थांबते, हे मी शोधत बसायचो.

टाइमलाइन (घोडबंदर रोड)

मी संकलन करतो. नृत्याच्या कार्यक्रमांचे भाग कापले आहेत, त्यामुळे आतली बाजू सांगतो.

एका नाचावर एकाच वेळी पाच-सहा कॅमेरे चालू असतात. एक समोरून पूर्ण चौकटीत, एक जिमी जिबवर (लांब दांड्याच्या क्रेनवर) वरून फिरणारा, बाकीचे चेहरे आणि जवळची दृश्यं टिपणारे. पाय दाखवायचे तर माणसं लहान होतात, आणि आता निम्मे लोक मोबाइलवर बघतात. म्हणून कंबरेच्या वरचं दृश्य जास्त वापरलं जातं. पाय गेले की अर्धी शैली गेली, हे मलाही उशिरा कळलं.

एकदा एका जोडीचा टँगो माझ्या हातात आला. मध्ये एक जागा होती, चार-पाच सेकंदांची. दोघं थांबलेले. तिचा मोकळा पाय जमिनीवर अगदी हळू अर्धवर्तुळ काढत होता आणि त्याचं वजन डावीकडून उजवीकडे जात होतं. मी तिथे परीक्षकाचा चेहरा टाकला, कारण माझ्या हिशेबाने तिथे काही घडत नव्हतं. रात्रीचे तीन वाजले होते, सकाळी भाग द्यायचा होता. पुढे बायकोबरोबर मीच नाच शिकायला लागलो तेव्हा समजलं की त्या सबंध नाचात घडत होतं ते त्याच चार-पाच सेकंदांत. त्या जोडीची आजही माफी मागावीशी वाटते.

घुंगुरवाळी (वाशी)

संपादन करणाऱ्या दादांनी मनापासून लिहिलंय. मी लावणीच्या बाजूने सांगते. तेरा वर्षं शिकते आहे, गणपतीत आणि नवरात्रात कार्यक्रम करते. इथल्या विष्णुदास भावे नाट्यगृहात दोनदा पायात घुंगरू बांधून उभी राहिले आहे.

लावणी ही मुळात जोडीची गोष्ट नाही, असं सगळे म्हणतात. अर्धंच खरं आहे. रंगमंचावर पुरुष नसला तरी लावणी कुणाला तरी उद्देशून असते. तो समोर बसलेला आहे, किंवा यायचा आहे, किंवा येऊन रुसलाय. यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे, बाई बसून गात आणि एका भुवईत अख्खा सखा उभा करत. त्यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे समोरचा माणूस डोळ्यांनी बनवायचा असतो.

टीव्हीवर जोड्यांच्या स्पर्धेत लावणी आली की काय होतं? नवऱ्याला फेटा बांधतात आणि मिशीला पीळ द्यायला लावतात. ती नाचते, तो भोवती फिरतो, मधेच मांडीवर थाप मारतो. मग त्याला काहीतरी करायला द्यायचं म्हणून तिला उचलायला लावतात. नऊवारीत उचलणं म्हणजे काय ते नेसणारीलाच विचारा. काष्टा ताणला जातो, पायात शंभराच्या वर घुंगरं, एक पाय वर गेला की नाद तुटला. लावणीत पायाचा नाद ढोलकीशी बोलत असतो. बाई हवेत गेली की ढोलकी एकटी पडते.

मी दिग्दर्शक असते तर नवऱ्याच्या हातात ढोलकी दिली असती. येत नसेल तर तुणतुणं किंवा मंजिरी. तो वाजवणारा, ती नाचणारी, आणि दोघांत सवालजवाब. जोडी तिथे आपोआप दिसली असती.

सम_आणि_खाली

» *बाई हवेत गेली की ढोलकी एकटी पडते.*

हे वाक्य वर्गातल्या फळ्यावर लिहिणार आहे, परवानगी द्या. कथकमध्येही हेच. तबलेवाला हा आमचा खरा जोडीदार. तिहाई (तीनदा घेतलेला बोल) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना त्याच्याकडे बघावं लागतं, तिथे चूक झाली की दोघांची होते.

दिवाळेकर (सीबीडी बेलापूर)

इतके प्रतिसाद झाले आणि कोळीनृत्याचं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

महाराष्ट्रात जोडीने नाचायची पद्धत नाही असं टीव्हीवर ऐकलं की मला राहवत नाही. आमच्या दिवाळे गावात या, नारळी पौर्णिमेला किंवा कुणाच्या हळदीला. बायका एका रांगेत, पुरुष दुसऱ्या रांगेत, समोरासमोर. पुरुष वल्हं मारतात, बायका लाटेसारख्या पुढे येतात, मागे जातात. मग रांगा एकमेकींतून पार होतात आणि पाठीला पाठ लागते. आमची आय सत्तरीची आहे, ती बाबांसमोर नाचताना अजून लाजते आणि अजून पहिल्या ठेक्यावर येते.

यात वजन कुठे, असं विचाराल तर ते होडीत आहे. ठेका हेलकावणारा आहे. होडी डावीकडे झुकली की सगळे डावीकडे. वल्हं मारताना जोर हाताचा नसतो, पाय रोवून कंबरेतून येतो, कारण पाण्यावर नुसत्या हाताने मारलं तर होडी जागची हलत नाही आणि खांदा जातो. स्पर्धेत जे कोळीनृत्य दाखवतात त्यात मुलगा नुसते हात हलवतो. पाय कोरडे असतात त्याचे. आमच्यातलं कुणीही बघून सांगेल, हा कधी होडीत उभा राहिला नाही.

आणि दरवेळी तेच: टोपी, रुमाल, प्लास्टिकची टोपली, टोपलीत प्लास्टिकचा मासा. दोन मिनिटं घाईघाईने नाचून ‘आता बघूया पुढची जोडी’. साल्सा शिकवायला जाणकार बोलावतात, टँगोला बोलावतात. कोळीनृत्याला मात्र, सगळ्यांना येतंच, असं धरून चालतात. एखाद्या वेळी चेंदणी कोळीवाड्यातल्या किंवा आमच्या गावातल्या बायकांना तालमीला बोलवा ना. दोन दिवसांत पाय ओले करून देतील.

ऐरोलीकर

दिवाळेकर, मुजरा. ‘पाय कोरडे’ हा शब्द आता जन्मभर विसरणार नाही. साल्सात आम्ही म्हणतो, ‘जमिनीत जा’. गोष्ट तीच.

तीन_मात्रा (ठाणे पश्चिम)

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये माझ्या आईवडिलांचं लग्न लागलं, माझंही. आमच्याकडे आदल्या दिवशी उंबराचं पाणी (लग्नाआधी पाणी आणायचा विधी), बँडबाजा, सगळं मराठीत. दुसऱ्या दिवशी स्वागत समारंभात वॉल्ट्झ आणि जाइव्ह. एकाच घरात दोन्ही.

वॉल्ट्झ मला पप्पांनी स्वयंपाकघरात शिकवला. त्यांच्या बुटांवर पाय ठेवून उभं राहायचं, ते एक-दोन-तीन म्हणत फिरायचे. तीनच मात्रा, पण पहिलीवर गुडघ्यातून खाली जायचं आणि दोन-तीनवर टाचा उचलत वर यायचं. हे वर-खाली दोघांचं एकदम झालं नाही तर कपाळाला हनुवटी लागते. मम्मी गेल्यावर पप्पा नाचले नाहीत. माझ्या मुलीच्या लग्नात मी त्यांना उठवलं. ब्याऐंशी वर्षांचे. पाठीवरचा हात तसाच, पानाएवढं वजन, पण त्या हाताने मला गर्दीतून, टेबलांमधून, केकच्या बाजूने बरोबर नेलं.

टीव्हीवरचा वॉल्ट्झ बघताना मी फक्त तो पाठीवरचा हात बघते. बहुतेक वेळा तो नुसता टेकवलेला असतो. कधीतरी एखाद्या जोडीत तो हात खरंच काहीतरी सांगत असतो, आणि मग मी घरातल्यांना गप्प बसवते.

दोघं_नेरूळची

आमचा अनुभव लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं.

तीन वर्षांपूर्वी एका वाहिनीच्या जोड्यांच्या स्पर्धेसाठी आम्ही निवडचाचणी दिली. नवी मुंबईतच होती. आम्ही बाचाटा (साल्सासारखाच एक लॅटिन जोडीनाच) बसवला होता, तीन मिनिटांचा, संथ. आदल्या संध्याकाळी फोन आला: नव्वद सेकंद करा आणि त्यात निदान दोन वेळा उचलणं हवं. आम्हाला उचलणं येत नव्हतं. रात्री सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, चकचकीत टाइल्सवर, इंटरनेटवर बघून एक बसवलं. तेरा-चौदा वेळा जमलं. सकाळी चाचणीत माझा पाय वळला आणि ही खांद्यावरून खाली आली. मनगट मोडलं. तिथे साधा बर्फसुद्धा नव्हता. रिक्षाने दवाखाना गाठला.

कुणावर राग काढायला लिहीत नाही. पण मनगटापेक्षा एका गोष्टीचं तिला जास्त लागलं. नंतरचे सहा महिने मी हात पुढे केला की ती आधी माझ्या पायाकडे बघायची. तो बाचाटा आम्ही परत नाचलो नाही.

सांधेजोड (कोपरखैरणे)

भौतिकोपचारतज्ज्ञ आहे, नाचणारे बरेच येतात माझ्याकडे. नेरूळच्या दादा-वहिनी, तुमचं वाचून फार वाईट वाटलं. तुमची चूक नव्हती. उचलणं एका रात्रीत शिकायची गोष्टच नाही.

बाकीच्यांसाठी तीन-चार गोष्टी लिहून ठेवतो, कारण लग्नसराईत हेच रुग्ण वाढतात. उचलायचं ते मांड्यांनी. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, आणि तिला अंगाशी घेऊन. हात लांब असताना उचललं की सगळा भार कंबरेच्या मणक्यांवर जातो. दुसरं, निम्मं काम तिचं असतं. तिने उडी मारायची असते आणि पोट-पाठ घट्ट ठेवायची असते. अंग सैल सोडलेलं माणूस तेवढ्याच वजनाचं असूनही उचलायला जड जातं. उतरताना आधी चवडा, मग टाच, आणि गुडघे वाकलेले. तिसरा माणूस बाजूला उभा पाहिजेच, आणि खाली जाड गादी.

आणि बूट! रबरी तळव्याचे खेळाचे बूट घालून गिरक्या घेऊ नका. तळवा जमिनीला चिकटतो, अंग फिरतं, आणि मधल्या मधे गुडघा पिळला जातो. गिरकीसाठी कातडी किंवा स्वेडचा तळवा. क्लबहाउसच्या टाइल्स उचलण्यासाठी नकोतच, त्या निसरड्या.

टीव्हीवर जे दिसतं त्यामागे गाद्या, दोरखंड, मदतनीस आणि कित्येक दिवसांच्या तालमी असतात. पडद्यावर ते कुणी दाखवत नाही.

जुना_प्रेक्षक

हे सगळं वाचून मत कुणाला द्यायचं तेच बदललं माझं. आधी मी शेवटचा क्षण बघून ठरवायचो.

घुंगुरवाळी

नेरूळकर, वहिनींना सांगा, वाशीत आमच्याकडे रविवारी नुसता पायाचा रियाज असतो. कुणी कुणाला हात लावत नाही. यावंसं वाटलं तर या दोघं. एका ठेक्यावर शेजारी शेजारी उभं राहणं हीसुद्धा सुरुवात असते.

सम_आणि_खाली

सगळ्यांचे मनापासून आभार. माझा मूळ प्रश्न किती अपुरा होता ते तुम्ही दाखवलंत. नजर आणि पाठीवरचा हात माझ्या डोक्यात होते. ढोलकी, होडी, कॅमेरा आणि भीती नव्हती.

ऐरोलीकर, उचलण्याने लोक आत येतात हे तुमचं म्हणणं मान्य. आत आल्यावर त्यांना काय द्यायचं ते आम्हा शिकवणाऱ्यांच्या हातात आहे. शैलीचे नियम पडद्यावर सांगावेत हेही पटलं. नाच सुरू होण्याआधी अर्धा मिनिट कुणी नुसतं सांगितलं की टँगोत पायाकडे बघा, लावणीत डोळ्यांकडे, कोळीनृत्यात कंबरेकडे, तरी बघणारा ते शोधेल.

मानपाड्याच्या जोडीचं सांगायचं राहिलं. उचलणं शिकवायला मी नकार दिला. पहिले चार दिवस फक्त तळहात आणि चालणं. पाचव्या दिवशी तिला डोळे मिटायला सांगितले आणि त्याला म्हटलं, हिला या खोलीत फिरव, खुर्च्या तशाच राहू देत. तो घामाघूम झाला. एकदा तिची पोटरी स्टुलाला लागली, ती थांबली, डोळे नाही उघडले. मग तो एकदम सावकाश झाला. वळायच्या आधी त्याचा खांदा वळायला लागला, आणि तिला ते तळहातातून कळायला लागलं.

संगीत परवा झालं. त्यांनी दोन मिनिटं साल्सा केला, साधा, सगळी मिळून सहा-सात वळणं. शेवटच्या आठात मी त्यांना आठव्या मात्रेवर नुसतं थांबायला सांगितलं होतं. मी मागे, वाढप्यांच्या दाराशी उभी होते. ते थांबले, हॉलमध्ये कुणीतरी ‘अरे’ म्हणालं, आणि मग टाळ्या आल्या.

नेरूळकर, तुमचा तीन मिनिटांचा बाचाटा पूर्ण बघायची माझी इच्छा आहे. कधीही या. जमीन लाकडी आहे.

दोघं_नेरूळची

हिला वाचून दाखवलं. ती विचारतेय, मंगळवारी सातला चालेल का.

सम_आणि_खाली

चालेल. साडेसहालाच या, इतरांच्या आधी. बूट मी काढून ठेवते, मापं कळवा.